डरबनला जाणाऱ्या बायका

अर्ज साहेबाकडे जातो, किस्सा मात्र आपल्याकडेच राहतो. तीस वर्षं नंदुरबारच्या कचेरीबाहेरच्या ओट्यावर बसून मी लोकांचे अर्ज लिहिले. त्यातले कागद कुठे गेले, कुणाला ठाऊक! पण लिहिताना कोण काय बोललं, ते अजून कानात आहे. कधी दुपारी डोळा लागता लागता एकेक जण आपणहून येऊन बसतो आणि म्हणतो, "मास्तर, लिखा!"

मी मास्तर नव्हे. दोन वर्षं शाळेत शिकवलं होतं, तेवढ्यावर ते नाव चिकटलं.

माझ्याकडे जास्त करून यायच्या त्या डरबनला जाणाऱ्या बायका. आपल्या भागातली काही माणसं सुरतेकडच्या ओळखीपाळखीने आफ्रिकेत गेलेली. कुणी भाजीचा मळा करी, कुणी शिवणकाम. तिथल्या सरकारचा कायदा असा, की तिथे कायम राहण्याचा हक्क असलेल्या माणसाला बायको नेता येईल. पण लग्न खरं आहे हे आपल्या मामलेदारापुढे सिद्ध व्हायला हवं. शिवाय बोटीतून उतरल्यावर तिथला ऑफिसर नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून सारखेच प्रश्न विचारणार. उत्तरं जुळली नाहीत, तर बाईची त्याच बोटीने परत पाठवणी!

शेजारी करीमचाचा बसत. डरबनमध्ये पंचवीस वर्षं शिंपीकाम करून आलेले. अर्ज लिहायचा मी, आणि बाईला तयार करायचे चाचा. नंदुरबारात समुद्र कुणी पाहिलेला नाही, पण आमच्या ओट्यावर तो रोज यायचा.

*

ब्राह्मणपुरीची सखूबाई. नवरा सात वर्षांपासून तिकडे. ऑफिसर घराबद्दल हमखास विचारतो, म्हणून नवऱ्याने पत्रात डरबनच्या घराचं सगळं वर्णन लिहिलेलं: तीन पायऱ्या, बुटकं दार, उजव्या हाताला चूल, मागे केळी.

चाचांनी खडू घेतला आणि ओट्याच्या फरशीवर ते घर काढलं. भिंती, दार, चूल, सगळं.

"चलो बेटी, अंदर जाओ."

सखूबाई उठली. तीन पायऱ्या चढल्यासारखी पावलं टाकली आणि दाराच्या रेघेपाशी मान खाली घालून आत गेली. वर तर नुसतं आभाळ!

"वाकलीस कशाला?" मी विचारलं.

"दार बुटकं शे ना!"

मग ती चुलीपाशी जी बसली ती उठेचना. रोज येऊन तासभर त्या घरात बसायची. कोपरे हाताने चाचपायची. एकदा तर मागच्या दाराशी उभी राहून केळीकडे बघत होती.

एक दिवस कचेरीतले अव्वल कारकून घाईघाईने ओट्यावरून, खडूच्या भिंतीवर पाय देत चालले होते. मोठा रुबाबदार माणूस, त्यांच्यापुढे खेड्यातली माणसं थरथर कापत. सखूबाई चुलीपाशी बसलेली. तिथूनच ओरडली,

"दादा, भीतमाईन कोठे चालनात? दार तिकडे शे!"

आणि कारकूनसाहेब मुकाट्याने मागे फिरले, वळसा घालून दारापर्यंत आले, वाकले आणि गेले!

*

गंगूबाईचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची. नवरा लगेच आफ्रिकेत गेला, त्याला नऊ वर्षं झाली. परमिटसाठी फोटो लागतो म्हणून तिने धुळ्याला जाऊन फोटो काढून घेतला आणि एक प्रत नवऱ्याला पाठवली. त्याचाही फोटो तिच्याकडे आलेला होता.

दोन महिन्यांनी पत्र आलं. नवरा सरळ माणूस. त्याने लिहिलं होतं, "फोटो मिळाला. पण ही बाई कोण, ते कळवावे."

वाचताना माझीच जीभ अडखळली. असं पत्र ऑफिसरच्या हाती पडलं तर संपलंच की! गंगूबाई मात्र शांत. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "लिखा मास्तर. मीबी तुमना फोटो वळखा नही."

मी लिहिलं.

"पन मी ते कोनलेच सांगं नही!"

पुढच्या डाकेने उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती: "आता ओळखलं."

*

लग्नाचा पुरावा म्हणजे मोठी पंचाईत. आपल्याकडे लग्नाचा कागद कोण करतो? मांडव निघाला, पंगती उठल्या, संपलं. मग साक्षीदार आणायचे.

एका सूनबाईचे साक्षीदार पार ढेपाळले. कुणी म्हणे लग्न चैत्रात झालं, कुणी म्हणे वैशाखात. नवरदेव घोड्यावर होता की गाडीत, यावर दोघांचं भांडण जुंपलं. मामलेदारसाहेबांनी दौतीचं झाकण लावलं. सूनबाई कोपऱ्यात रडवेली होऊन उभी. एवढ्यात मागून एक म्हातारा उठला, नवऱ्याचा सख्खा मामा.

"साहेब, लगीन व्हयनं. मी सांगस."

"तुम्ही लग्नाला हजर होतात?"

"नही साहेब."

"मग?"

"मी रुसी जायेल व्हतू. टोपी हलकी दिन्ही म्हनीसन!"

कचेरी हसायला लागली. साहेब चिडले. "हजरच नव्हतात, तर साक्ष कसली देता?"

मामा जागचा हलला नाही. "साहेब, लगीनच नही व्हतं, तं मी रुसनू कोनवर?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग इतर साक्षीदारांना विचारलं, "हे रुसले होते का?" आता मात्र सगळ्यांचं एकमत! महिना, घोडा, गाडी सगळं विसरलेली माणसं मामाचं रुसणं तपशीलवार सांगू लागली. कोण समजूत घालायला गेलं, मामा कुठल्या चिंचेखाली बसला होता, सगळं. साहेबांनी दौत उघडली. सूनबाई पुढच्या पावसाळ्यात डरबनला पोचली.

*

शहाद्याकडच्या एका बाईचं तिथे पोचल्यावर काय झालं, ते तिच्या नवऱ्याने मला लिहून कळवलं होतं. नाव सांगत नाही, अजून दोघं तिकडेच आहेत.

ऑफिसरने आधी नवऱ्याला विचारलं, "घर सोडून इकडे निघालास, त्या दिवशी घरी जेवण काय होतं?"

नवरा म्हणाला, "खिचडी."

मग बायकोला आत बोलावलं. तोच प्रश्न. ती म्हणाली, "काहीच नही."

ऑफिसरने पेन खाली ठेवलं. उत्तर चुकलं! दुभाष्याही घाबरला. तो आपल्याकडचाच. त्याने बाईला परत विचारलं, "बाई, नीट आठव. त्या दिवशी काय जेवलात?"

ती म्हणाली, "त्यासनी खिचडी खादी. मन्हा घास उतरना नही."

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. ऑफिसरने पेन पुन्हा उचललं म्हणे. त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

*

करीमचाचांचं स्वतःचं काय झालं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तिथला आणखी एक कायदा होता. तीन वर्षं सलग देशाबाहेर राहिलात, की तुमचा हक्क संपला. चाचा घरी आले होते चार महिन्यांसाठी. पण अमिनाचाची अंथरुणाला खिळली. एक वर्ष गेलं, दोन गेली. तिसरं संपायला आलं. एकच बोट उरली होती, जी त्यांना वेळेत पोचवू शकली असती. चाचांनी ट्रंक भरली, नंदुरबार स्टेशनवर आले आणि बाकावर बसले. गाडी आली. थांबली. गेली.

चाचा ट्रंक उचलून घरी आले. चाची पडल्या पडल्या म्हणाली, "गाड़ी छूट गई?"

"नहीं," चाचा म्हणाले, "मैंने छोड़ दी."

आणि गंमत बघा, पुढच्या महिन्यात चाची उठून बसली, ती पुढे वीस वर्षं ठणठणीत! चाची त्यांना चिडवायची, "मेरे लिए तो जहाज छोड़ा, अब पानी का घड़ा तो उठाओ!" चाचा उठून घडा भरायचे. पण कधी कधी ओट्यावर बसल्या बसल्या हातातलं काम थांबवून म्हणायचे, "मास्तर, अभी डरबन में भरती होगी." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही लाटांचा आवाज ऐकू यायचा.

*

आता तळोद्याच्या मगनचं सांगतो.

मगन डरबनहून लग्न करायला आला. लग्न झालं, पण बायकोचे कागद व्हायला वेळ लागला. असं करत करत त्याची तीन वर्षं भरत आली. सगळं तयार झालं, बोटीची तिकिटं आली, आणि ऐन वेळी त्याचा परतीचा दाखला सापडेना! तो नसला तर नवराही जाणार नाही आणि बायकोही. मगनने घर पालथं घातलं. बायकोने धान्याच्या कोठ्या उपसल्या. दोघंही रडकुंडीला आले.

तिसऱ्या दिवशी मगनची आई, जमनामाय, एकटीच तळोद्याहून बैलगाडीने नंदुरबारला आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि चोळीतून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दाखला होता तो!

"यावर काय लिखेल शे?" तिने विचारलं.

मी वाचून सांगितलं, "मगनला तिकडे राहायचा हक्क आहे. पण तीन वर्षांच्या आत परत गेला नाही, तर तो हक्क संपेल."

रस्त्यावरून एक कापसाची गाडी गेली.

"आनि अठला हक?" ती म्हणाली. "अठला हक कितला वरीस ऱ्हास?"

मी म्हणालो, "इथला हक्क जात नाही, माय."

"मंग तेच लिखी दे. याच कागदवर."

सरकारी कागद! त्यावर काही लिहिणं गुन्हा. मी चाचांकडे पाहिलं. चाचा दुसरीकडे बघत होते. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "इथला हक्क जात नाही." जमनामायने शाईत अंगठा बुडवला आणि त्या ओळीखाली उमटवला. कागद परत चोळीत ठेवून ती तळोद्याला गेली आणि तो मगनच्या हाती दिला. मगन आणि त्याची बायको वेळेत बोटीत बसले.

पुढचं मगनच्या पत्रातून कळलं. डरबनच्या ऑफिसरने दाखला तपासला. तारीख बरोबर होती, शिक्का मारला. मग सहज कागद उलटला. ऑफिसरने दुभाष्याला बोलावून ती ओळ वाचून घेतली. अंगठ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुणाचा?"

मगन म्हणाला, "आईचा."

ऑफिसरने कागद लगेच परत दिला नाही. शिक्का पुन्हा शाईत दाबला आणि मागच्या बाजूला, त्या अंगठ्याशेजारी, आणखी एकदा मारला.