बोटाची मागची बाजू

भावाचं चांगलं झालेलं चिंधू गार्डला बघवत नसे, हे त्याच्या बायकोशिवाय, मैनेशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात तर उलटाच बोलबाला. बाप गेला तेव्हा चिंधूनं सातवीतून शाळा सोडली, पुढे जंगल खात्यात गार्ड म्हणून लागला आणि धाकट्या विठूला बीएस्सीपर्यंत शिकवलं, म्हणून खारबावात लोक त्याचं उदाहरण देत. विठूही काही ऐतखाऊ नव्हता. कामतघरला लूमवर शिफ्ट करून तो कॉलेजला जाई. पण त्याचं नवं पुस्तक घरात आलं की चिंधू ते आधी आपण उघडायचा, दोन पानं वाचायचा आणि आपटून ठेवायचा.

चिंधूकडे स्वतःचं असं एकच होतं, जंगल. वज्रेश्वरीकडच्या डोंगरात त्याची अठरा वर्षं गेली होती. पाणवठ्याच्या चिखलातला ठसा बघून तो बिबट्या की तरस, नर की मादी, पहाटे गेला की आदल्या संध्याकाळी, सगळं सांगायचा. विठूला मात्र त्यानं एकदाही सोबत नेलं नव्हतं. लहानपणी पोर मागे लागलं की म्हणायचा, तू शाळेत जा, इथं तुझं काय काम. लोकांना वाटायचं, केवढी ही माया.

आणि पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात विठूनं नेमकं तेच मागितलं. त्याला वन्यप्राण्यांचं व्यवस्थापन शिकायचं होतं. वाघ-बिबट्यांसाठी नवा कायदा झाला होता, शिकलेली माणसं लागणार होती. पत्रं लिहून त्यानं दोन कॉलेजांची माहितीपत्रकं मागवली आणि दादापुढे चटईवर मांडली. एक मोठ्या शहरातलं, गुळगुळीत कागदावर इमारतीचा फोटो आणि फी तिप्पट. दुसरं विदर्भातलं, फी बेताची, पत्रक सायक्लोस्टाइलचं, शाई हाताला लागणारी. स्वस्तातलं चांगलं असेल का, एवढंच विठूला कळत नव्हतं.

ते सांगू शकेल असा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच होता. दोन्हीकडून शिकून आलेले साहेब चिंधूनं आपल्या बीटवर, गस्तीच्या हद्दीत, पाहिले होते. शहरवाले जीपमधून न उतरताच विचारायचे, रेस्टहाउसवर कोंबडी मिळेल का. विदर्भवाले चालायचे. अडुसष्ट साली त्यांतला एक तर चिंधूशेजारी चिखलात दोन तास उकिडवा बसला आणि त्याला एकेक विचारून वहीत लिहून घेत राहिला. पुढे तो साहेब त्याच कॉलेजात शिकवायला गेल्याचं कानावर आलं होतं.

म्हणजे विठू आता त्याच्यापुढे बसणार. पुस्तक विठूचं होतंच, जंगलही विठूचं होणार. मग चिंधूला उरलं काय, खाकी विजार? त्यानं गुळगुळीत पत्रक विठूकडे सरकवलं.

"शेरातलं बरं," तो म्हणाला. "सस्त्यात काय मिळतंय."

विठूनं मान डोलावली. वाढीव फीसाठी दुसऱ्या दिवसापासून लूमवर डबल ड्युटी सुरू केली. तिसऱ्या दिवशी मैना भाकरी थापता थापता म्हणाली, "जीपवाल्या सायबांना बारा म्हयने शिव्या घालता, आन भावाला त्यांच्यातच धाडता?" चिंधू तिच्यावर खेकसला. खाई त्याला खवखवे.

तिचं तोंड बंद करायला तो विठूला पहिल्यांदाच पाणवठ्यावर घेऊन गेला. खरं तर याला काही येत नाही, हे त्याला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. ताज्या ठशाकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, कोण? विठू बराच वेळ वाकून बसला आणि म्हणाला, बिबट्या. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो; इथं नख्यांच्या खुणा ढळढळीत दिसत होत्या, तरस होतं. चिंधूला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटायचंही राहून गेलं. बीएस्सी झालास ना, असं म्हणून तो हसला.

विठू हसला नाही. "तू कवा दाखवलंस, दादा?"

एवढंच बोलून तो पुन्हा ठसा बघू लागला. दोन-दोन पाळ्यांनी त्याचे डोळे लाल झाले होते. परतताना गावातली घरं दिसायला लागली. तेव्हा चिंधू पुढे बघतच म्हणाला, फॉर्म विदर्भाचा भर, शहरातले पायी चालत नाहीत. आधी का नाही सांगितलंस, असं विठूनं विचारलं नाही. त्याचाही चिंधूला राग आला.

दिवाळीला विठू आला तो उन्हानं रापून. आता त्यानंच दादाला पाणवठ्यावर नेलं. चिखलात ठसा होता. विठू उकिडवा बसला, हात उलटा केला आणि बोटाच्या मागच्या बाजूनं ठशाची कड हलकेच चाचपली.

"बिबट्या. मादी. पहाटंची," तो म्हणाला.

चिंधूनं वाकून नीट बघितलं, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. पण तो चरकला त्या उलट्या हातानं. तसा ठसा चाचपणारा माणूस त्याला एकच ठाऊक होता, तो स्वतः.

"ह्ये कुनी शिकवलं?"

सगळी मुलं असंच करतात, विठू सांगू लागला. सरांनी शिकवलंय. बोट उलटं का धरायचं, ते मात्र सरांनाही सांगता येत नाही. भिवंडीकडच्या कुणा गार्डानं दाखवलं होतं म्हणतात, नाव विसरले. तू ओळखतोस का त्याला?

चिंधूचा जीव जळला. साहेबावर जळला, उलट्या हातांच्या त्या साऱ्या पोरांवर जळला, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. घरात पिकलेलं भावानं फी भरून विकत आणलं होतं.

तो विठूशेजारी बसला. कोयता चालवून घट्टे पडलेली आपली बोटं त्यानं भावापुढे धरली. "माजी पुढनं मेलीत, काय लागत न्हाय. म्हनून मी उलटा हात लावायचो. तुजी लूमवर सूत जोडनारी बोटं. तू पुढनंच बघ."

विठू त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं आपला हात सुलटा केला आणि बोटांच्या टोकांनी कड पुन्हा चाचपली.

"पहाटंची न्हाय, दादा," तो हळूच म्हणाला. "दव पडायच्या आधीची हाय, कालच्या सांजची."

चिंधूनं हात लावून बघितलं. आधी मागून, मग पुढून. त्याला काहीच कळलं नाही.