हवा संपलेलं पाणी

माझी बालमैत्रीण नलू गेल्याचं मला तिच्या संस्थेतल्या एका मुलीनं कळवलं. बोटीवरून पाण्याचे नमुने घेऊन परतली, धक्क्यावर टेकली आणि तिथंच कलंडली... मुलगी रडत होती आणि मी वेड्यासारखी विचारत होते, "जेवली होती का गं ती?" त्याहून अवघड पुढं होतं. हिवरखेडजवळच्या आमच्या गावी तिचे थोरले भाऊ, वसंतदादा. बहीणभावाचं बोलणं कित्येक वर्षं बंद. अकोल्याहून एसटीनं जाऊन मीच त्यांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि ढोरांकडे निघून गेले. असा संताप आला होता मला!

नलू समुद्राची शास्त्रज्ञ. वऱ्हाडात हे सांगायची चोरी. तिची आईच म्हणायची, "इथं प्यायले पाणी नाही अन् हे समुद्र मोजून राहिली!" सुट्टीत अकोल्याला आली की मला मासळीबाजारात ओढून न्यायची आणि एकेका माशाचा कल्ला बोटानं उचलून बघत बसायची. मासेवाली करवादायची, "घ्याचा हाये का नुसता तपासाचा हाये, डाक्टरीनबाई?" पावसाळ्याच्या सुमाराला खोल समुद्रातलं, हवा संपलेलं पाणी वर चढून कोकणच्या किनाऱ्याकडे सरकतं. ते कुठवर येतं, कोणता मासा आधी पळतो, कोणता तग धरतो, हा तिचा जन्मभराचा अभ्यास. गावात त्याचा काय उपयोग, असं मलाही वाटायचं.

मग ती पोळ्याची सकाळ आली. त्या वर्षांत आमच्याकडे वातावरणच वाईट होतं. कापसावर फवारायच्या विषाला आम्ही 'औषध' म्हणतो, आणि अमक्यानं औषध घेतलं म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नसे. माणसं कशानंही भडकत. नलू सणाला आली होती, मीही होते. आभाळ गच्च, वाऱ्याची झुळूक नाही. सकाळीच ओरडा झाला. वसंतदादांनी माशांसाठी ठेक्यानं घेतलेल्या पाझर तलावात रोहू, कटला पोटं वर करून तरंगत होते. आदल्या संध्याकाळी शेजारच्या शेतातले रशीदभाई तिथं फवारणीचा पंप धुताना कोणाला तरी दिसले होते. झालं! आम्ही पोचलो तेव्हा चारचौघांनी त्यांची कॉलर धरली होती, एकाच्या हातात काठी होती.

"धुतला ना पंप! सगळेच धुतात ना वो, मी काय नवा धुतला?" रशीदभाईंचा आवाज फाटला होता.

"ते हाये ना माशाची डॉक्टर, तिले इचारा!" मागून कोणी तरी ओरडलं.

सगळे नलूकडे वळले. आणि ही बया म्हणते काय, "मले आत्ता नाही सांगता येत. इख असलं तर इखच म्हणीन." रशीदभाईंच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. मला वाटलं, हिच्या एक मुस्काटात द्यावी. अगं, 'विष नाही' एवढं म्हण ना, माणूस सुटेल! पण ती पदर खोचून चिखलात उतरली होती. विषानं आधी झिंगे आणि पाण्यावरचे किडे मरतात, असं काठाकडे न बघता सांगत होती. टोपली बुडवून वर काढली. झिंगे टणाटण उडत होते. तरी ती बोलेना. काठीवाला पुढं सरकला... तेवढ्यात मधोमध एक मरळ, बाहेरच्या हवेवरही तगणारी मासळी, वर आली, तोंडानं बाहेरची हवा घेतली आणि खाली गेली.

"इख नाही," नलू म्हणाली. "पाण्यातली हवा संपली."

"कावून संपली?"

इथं तिला थांबता आलं असतं. तिनं भावाकडे पाहिलं. "दादा, कोंबडखत किती टाकलं?"

मासा लवकर पोसावा म्हणून दादांनी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या ओतल्या होत्या. ते सडलं आणि अशा कोंदट दिवसांत पाण्यातली सगळी हवा खाऊन बसलं. रशीदभाईंची कॉलर सुटली. दादा म्हणाले, "तुले घरचं-परकं समजत नाही काय वो?" त्यानंतर तिच्याशी एक शब्द नाही. सणाची पुरणपोळी न खाता ती दुपारच्या बसनं निघाली. मी म्हटलं, "खताचं नाव नसतं घेतलंस तर?" ती म्हणाली, "मग मासे पुन्हा मेले असते, आणि कोणी तरी पंप धुतलाच असता." मला तिचा राग आला होता आणि तिच्यापुढं लहान झाल्यासारखंही वाटत होतं.

तेरवीला मी पुन्हा गावी गेले. आभाळ भरून आलं होतं. दादा घरात नव्हते. पाहुणे खोळंबलेले, म्हणून मी चिडूनच तलावावर गेले. म्हातारा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बांबूनं पाणी झोडपत होता, हवा मिसळावी म्हणून.

"दादा, आज तरी..."

"आभाळ आलं का तिचा फोन ये," ते हात न थांबवता म्हणाले. "तिकडं बसून इकडचं हवामान पाहे. 'दादा, पाणी झोडप,' एवढंच म्हने. दरसाल. मी कधी हूं नाही म्हटलं. आयकून घ्याचो अन् ठेवून द्याचो."

बांबू पाण्यात टेकवून त्यांनी वर पाहिलं.

"कालपासून आभाळ हाये," ते म्हणाले, आणि पुन्हा बांबू उचलला. "फोन नाही आला."