दिवाकरकाकांच्या फोटोत चांदण्या येत नाहीत

भूतबाधा, शाप वगैरे कोणी बोलू लागलं की मी उठून जाते. फिजिक्स शिकवते मी. तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर.

आमचं घर शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनपासून थोडं आत. बाबांना एकच वेड – रात्रीच्या आकाशाचे फोटो. कल्याणची नोकरी करून यायचे, जेवायचे आणि कॅमेरा घेऊन शेतात. माहुली गडाच्या सुळक्यांवर उभी आकाशगंगा त्यांना हवी तशी मिळायला कित्येक वर्षं गेली.

बाबा आजारी पडले तेव्हा त्यांचे मित्र, मुरबाडचे फोटोग्राफर दिवाकरकाका, "बॅकअप घेतो" म्हणून फोटोंची हार्डडिस्क घेऊन गेले. पुढे तोच आकाशगंगेचा फोटो एका स्पर्धेत पहिला आला... काकांच्या नावाने! मी मोबाईलवर दाखवला. बाबांनी तो मोठा करून पाहिला.

"त्याला आता आकाश नाय दिसायचं," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात गेले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी काका दारात. चेहरा पार उतरलेला.

"पोरी, माझ्या फोटोत चांदण्या येत नाय गो. तीन कॅमेरे बदलले."

मला वाटलं, नवीन नाटक. म्हटलं, दाखवा.

अंगणात त्यांनी स्टँड लावला. अंधार पडला होता, वर आकाश स्वच्छ. काकांनी बटण दाबलं. स्क्रीनवर आंबा, कौलं, शेजारचा बल्ब – सगळं लख्ख. वर मात्र पुसलेल्या पाटीसारखा काळोख. कॅमेरा न हलवता, एकही सेटिंग न बदलता मी बटण दाबलं... चांदण्याच चांदण्या! पुन्हा त्यांनी – काळोख. पुन्हा मी – चांदण्या.

काकांनी कॅमेरा बंद केला. "तू बोल ना तुझ्या बाबाच्या फोटोसमोर. दिवाकरला माफ कर म्हण."

"आधी सगळ्यांसमोर सांगा, तो फोटो कोणाचा ते."

त्यांनी सांगितलं. मुरबाडला भर कार्यक्रमात, माईकवर. ट्रॉफी माझ्या हातात दिली. लोक काय काय बोलले त्यांना! मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

त्या रात्रीही त्यांच्या फोटोत काळोखच आला.

कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं, कॅमेरा दुरुस्तीवाल्याला ते फोटो दाखवले. सेन्सर ठीक, लेन्स ठीक. कोणाकडेच उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

काका आता दिवसाची लग्नं तेवढी घेतात. अधूनमधून फोन येतो.

"बोललीस का गो बाबाशी?"

बाबांच्या फोटोसमोर 'माफ करा' एवढंच बोलायचं आहे, मला माहीत आहे. त्याने फरक पडेल की नाही, ते मात्र माहीत नाही. पण मी अजून बोललेले नाही... आणि बोलणारही नाही.