मनोगतासाठी पाच मिनिटं

'मनोगत' हा शब्द मी घातला. सरांचा त्यात काही दोष नाही.

आमच्या कॉलेजात वाहतूक अभियांत्रिकीचा विभाग आहे आणि त्या विभागात मी सव्वीस वर्षं कारकून आहे. दारावरच्या पाटीवर 'कार्यालयीन अधीक्षक' असं लिहिलंय, पण पाटीने काम बदलत नाही. काही वर्षांपूर्वी विभागाने रस्ते आणि वाहतूक यांच्या संशोधनाची परिषद भरवायचं ठरवलं. ठिकठिकाणचे प्राध्यापक येणार होते, रस्ते आखणारे येणार होते, सिग्नल विकणारेही येणार होते. एवढ्या पाहुण्यांसाठी प्रायोजक हवेत, म्हणून आमच्या विभागप्रमुख सरांनी इंग्रजीत एक पत्रक तयार केलं आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, याचं मराठी करा. आपले दुकानदार इंग्रजी पाहिलं की कागद गल्ल्याखाली सरकवतात."

मला माझ्या मराठीचा गर्व आहे, हे आधीच कबूल करते. शाळेत निबंधाचं बक्षीस कधी सोडलं नाही. पण रजेच्या नोंदी आणि स्टेशनरीच्या मागण्या यांत भाषा दाखवणार कुठे? त्यामुळे त्या पत्रकावर मी तुटून पडले. मथळा दिला, 'प्रायोजकत्व आणि सहभागाच्या संधी'. खाली कोष्टक केलं. वर हीरक, सुवर्ण आणि रौप्य प्रायोजक, मग पिशव्या, ओळखपत्रं, दुपारचा चहा, आणि अगदी शेवटच्या ओळीत पिण्याचं पाणी. प्रत्येकासमोर त्याला काय मिळणार ते. हीरक आणि सुवर्णवाल्यांना मंचावर पाच मिनिटं मिळणार होती. त्या वेळात कंपनीने आपल्या मालाची माहिती द्यावी, असं मूळ इंग्रजीत होतं. 'मालाची माहिती' मला फारच बाजारू वाटलं. मी लिहिलं, 'मंचावरून मनोगत व्यक्त करण्यासाठी पाच मिनिटे.' लिहून मीच माझ्यावर खूश झाले. सरांनी न वाचता सही केली.

पत्रकं रामदासपेठेतल्या ऑफिसांत गेली, मिहानमधल्या कंपन्यांत गेली. एक गठ्ठा उरला तो आमच्या शिपायाने घरी जाताना नंदनवनच्या दुकानांत वाटून टाकला.

त्यानंतर आठवड्याभराने एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेले, स्वच्छ शर्ट घातलेले, पण भुवयांवर पीठ. नंदनवनात त्यांची आटाचक्की होती. हातातलं पत्रक घड्या घालून घालून मऊ पडलं होतं.

"मॅडम, हे पाच मिनिटं कोनाले भेटते?"

मी कोष्टकावर बोट ठेवलं. सुवर्णच्या पुढची रक्कम त्यांनी वाचली आणि पुन्हा वाचली.

"मले जास्त नाही बोलाचं जी," ते म्हणाले. "रस्तेवाले सगळे एका जागी येऊन राहिले म्हनून आलो. मनोगत म्हनून लिवलं आहे नं तुमी."

बोलायचं काय आहे, असं मी विचारलं. त्यांच्या घराजवळच्या चौकात पायी रस्ता ओलांडण्यासाठी पांढरे पट्टे मारले होते. पण पट्ट्यांसमोर, दुभाजकावर, लोखंडी जाळी होती. जाळीला फट होती ती बरीच पुढे. म्हणजे पट्ट्यांवरून निघालेला माणूस मधोमध जाळीला थटायचा आणि तिथून गाड्यांच्या अंगाअंगाने फटीपर्यंत चालत जायचा. मी म्हटलं, "भाऊ, याची तक्रार द्या ना."

"देल्ली. तीन डाव देल्ली."

मग त्यांनी खिशातून एक कांडी काढली. हातमागाच्या धोट्यात असते तशी, तिच्यावर पांढरं सूत गुंडाळलेलं. त्यांच्या घरी उमरेडला पूर्वी माग होता आणि वडील कशाचंही माप सुतानेच घ्यायचे. यांनीही सकाळी गाड्या कमी असताना पट्ट्यांपासून फटीपर्यंत सूत धरलं होतं. "मीटरमदी सांगतलं त कोनाच्या डोक्यात नाही घुसत. दोघानं दोन टोकं धरली का दिसते किती आहे ते. स्टेजवर धरून दाखवतो."

खरं सांगते, मला हसू आलं. हीरक प्रायोजकांच्या मागोमाग एक चक्कीवाला मंचावर सूत ताणतो आहे आणि दुसरं टोक सरांच्या हातात आहे, असं काहीबाही डोळ्यांपुढे आलं. पण माणूस सरळ होता. मी म्हटलं, "पाच मिनिटं नाही मिळायची. पण पाण्याची ओळ रिकामी आहे. पाणी तुम्ही द्या, मग तुम्हीही प्रायोजक. मंचावर सत्कार होईल, तेव्हा दोन शब्द बोलून घ्या."

हे दोन शब्द मी माझ्या अधिकारात दिले. असा कुठलाही अधिकार मला नव्हता.

ते तयार झाले. मी अर्ज पुढे ओढला आणि वर्गणी घेताना भंडाऱ्याच्या पंगतीला, गणपतीला, देवळात सगळीकडे विचारतात तसं विचारलं, "कोणाच्या नावानं करू?" त्यांनी एका मुलीचं नाव सांगितलं, पुढे त्यांचं आडनाव. ते नाव इथे लिहीत नाही. माझ्या हातून ते एकदा नको तिथे लिहिलं गेलं, तेवढं पुरे. 'प्रायोजकाचे नाव' या चौकटीत मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वर म्हटलं, "मुलीच्या नावावर आहे वाटतं चक्की? छान."

"हाव जी, तिच्याच नावानं," ते म्हणाले.

परिषदेच्या दिवशी सभागृहाबाहेर पाण्याचं टेबल लागलं. मागे फलक होता, 'शुद्ध पेयजल, कु. अमुक तमुक यांच्या सौजन्याने.' सौजन्याने हा शब्दही माझाच. पाण्याला माणूस ठेवला होता, तरी हे गृहस्थ स्वतः उभे राहून पेले भरत होते. मी पाणी प्यायला गेले तेव्हा बाहेरगावचे एक प्राध्यापक फलक वाचत होते. या मॅडमची कंपनी काय करते, असं त्यांनी हिंदीत विचारलं.

"कंपनी नहीं जी, बेटी है मेरी."

"अच्छा! क्या करती है?"

"नर्सिंग के दूसरे साल में थी."

प्राध्यापकांनी मान डोलावली, पेला घेतला आणि गेले. ती 'थी' त्यांना ऐकू आली नाही. मला आली.

"भाऊ," मी म्हटलं, "होती म्हणजे?"

"दसऱ्याच्या आंदी गेली जी. त्याच चौकात. ट्रक होता." ते पेले भरतच राहिले.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुमी विचारलं नं, कोनाच्या नावानं. दानाले नाव त गेलेल्याचंच देतेत."

बरोबर होतं त्यांचं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा देवळातल्या अन्नदानाला मीही त्यांचंच नाव दिलं होतं. पंगतीत कोणी सासूबाईंना सत्काराला बोलावलं नाही, कारण त्या वहीत नावासमोर काय समजायचं ते सगळ्यांना समजत होतं. माझ्या अर्जावर चौकट प्रायोजकाची होती.

मी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, "अरे देवा! सत्काराच्या यादीत बदल करा. वडिलांचं नाव घ्या, आणि मुलीच्या स्मरणार्थ असं म्हणायला सांगा." निवेदन आमच्या एक तरुण प्राध्यापिका करत होत्या. त्यांना सांगायला निघाले, तोवर प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकात आली आणि पुष्पगुच्छ सापडेना. मी पुष्पगुच्छ शोधायला पळाले. तो पायरीमागे बादलीत ठेवलेला सापडला.

आणि मी विसरले. याला दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला, शब्दांची मला एवढी हौस, पण मिळाला नाही.

सत्कार सुरू झाला. हीरकवाले येऊन गेले, सुवर्णवाले येऊन आपापल्या मालाविषयी सात-सात मिनिटं बोलून गेले. मग माइकवरून तिचं नाव आलं. 'पिण्याच्या पाण्याच्या प्रायोजक कुमारी अमुक, कृपया मंचावर यावं.' मी दाराशी उभी होते. नाव दुसऱ्यांदा आलं. निवेदिकेने सभागृहावरून नजर फिरवली, कोणी उठेना, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बहुतेक ट्रॅफिकमध्ये अडकल्या असाव्यात." परिषदच वाहतुकीची. सगळं सभागृह खदखदून हसलं.

मागच्या रांगेतून ते उठले. मधल्या वाटेने शांतपणे चालत मंचावर गेले, स्मृतिचिन्ह घेतलं. छायाचित्रकाराने इकडे बघा म्हटलं, तसं त्यांनी बघितलं. एक हात खिशात होता. कांडी त्या खिशात होती हे तिथे फक्त मला माहीत होतं. त्यांनी माइककडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द मी कबूल केले होते. मला तिथून ओरडता आलं असतं, मंचावर जाता आलं असतं, निदान हात वर करता आला असता. मी हातातली यादी घट्ट धरून उभी राहिले. तोवर चहाच्या प्रायोजकांचं नाव पुकारलं गेलं होतं. ते पायऱ्या उतरले आणि बाहेर पाण्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. दिवसभर मी त्या बाजूला फिरकले नाही. तहान लागली तर घरच्या बाटलीतलं प्यायले.

पंधरा-वीस दिवसांनी ते प्रमाणपत्र न्यायला आले. परीक्षेचे दिवस होते, विभाग सुनसान होता, सर जेवायला गेले होते. फलक काढला, यादी फाडली, मनातल्या मनात हजारदा माफी मागितली, पण प्रमाणपत्रांचा गठ्ठा मी तपासलाच नव्हता. त्यांच्या हातात देताना मजकूर वाचला. वर तिचं नाव, खाली 'यांनी परिषदेत सक्रिय सहभाग घेतला. त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' तोही मजकूर माझाच, गेली कित्येक वर्षं सगळ्यांना तोच जातो.

"द्या इकडे, भाऊ. दुसरं करून देते. आत्ताच्या आत्ता."

"राहू द्या जी." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "नाव बरोबर लिवलं आहे. तिचं नाव सगळे चुकवत." मग प्रमाणपत्र घडी न करता नीट पिशवीत ठेवलं आणि जायला निघाले.

मी म्हटलं, "भाऊ, कांडी आहे का जवळ?"

होती. ते कायम जवळच ठेवत असावेत.

"तुमची पाच मिनिटं राहिली आहेत," मी म्हटलं.

"आता?" त्यांनी रिकाम्या विभागाकडे पाहिलं. "आता कोन आयकते, मॅडम?"

"मी आहे ना."

मग त्यांनी सुताचं टोक माझ्या हातात दिलं आणि मला माझ्या ऑफिसच्या उंबऱ्याशी उभं केलं. "तुमी पट्ट्यापाशी आहात," ते म्हणाले. "समोर जाळी आहे. आता पलीकडं जाता येत नाही." आणि कांडी सोडत सोडत ते व्हरांड्यातून चालू लागले. सरांची बंद खोली मागे पडली. प्रयोगशाळेचं दार मागे पडलं, वाचनालयाचं मागे पडलं. सव्वीस वर्षं मी त्या व्हरांड्यातून येते-जाते, तो एवढा लांब आहे हे मला ठाऊक नव्हतं. सूचना फलकाशी ते थांबले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"एवढंच का?" मी विचारलं.

त्यांनी कांडी वर करून दाखवली. तिच्यावर थोडं सूत शिल्लक होतं. दोन-तीन हात असेल.

"फट तिथं आहे," त्यांनी मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "पोरगी इथपर्यंत आली होती."

मला रडू फुटलं. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, एका हातात किल्ल्या होत्या आणि दुसऱ्यात टोक. त्यांची पाच मिनिटं होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मध्येच त्यांनी तिकडून सूत हलकेच ओढून पाहिलं, मी धरलं आहे की नाही ते. मी धरलं होतं.