तक्त्यात नसलेलं पिस्तूल

नेमबाजीच्या रेंजवर कानाला मफ लावावे लागतात, त्यामुळे आमच्यात हळू आवाजात कुणी बोलतच नाही. सगळं ओरडून! एका लेनवर सांगितलेली खासगी गोष्ट दहाव्या लेनला ऐकू जाते आणि पुढच्या शनिवारी मीठमसाला लावून आपल्याकडेच परत येते. दोन वर्षांत असे किस्से इतके साठलेत, की कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्याही तेवढ्या नसतील.

आमचा गट म्हणजे कोलकात्यातली चार मराठी माणसं. देवस्थळीकाका एका सरकारी बँकेत मोठे साहेब, बेहाला भागात राहतात. त्यांच्या पत्नी मंगलकाकू. जोगळेकर त्याच बँकेत ऑडिटला, म्हणजे सगळ्या जगाकडे संशयाने बघणं हा त्यांचा पेशा. आणि मी, आयटीतला, या तिघांना गाडीतून नेणारा-आणणारा. आमचे कोच बिमानदा डमडमहून येतात आणि हिंदीतही बंगालीच बोलतात.

*

खरं म्हणजे रेंजवर नाव घातलं होतं काकांनी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एखादा छंद लावून घ्या, डोकं शांत राहील. पहिल्या दिवशी काकू नुसत्या सोबत आल्या आणि मागच्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसल्या.

काकांनी एअर पिस्तुलाने दहा छर्रे मारले. कागदावर एकही नाही! बिमानदा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "दादा, कागज एकदम नया है. कल फिर काम आएगा."

काकूंनी कोडं मिटलं. "मी बघू का एकदा?"

दहापैकी नऊ कागदावर, त्यातले तीन काळ्या वर्तुळात. काका म्हणाले, "हे नशीब आहे."

"नशीब कसलं? ते सांगत होते, टार्गेटकडे बघू नका, पिस्तुलाच्या पुढच्या साइटकडे, नळीवरच्या त्या खुंटीकडे बघा. तुम्ही ऐकत नव्हतात. मी ऐकत होते."

पुढच्या शनिवारपासून मागच्या बाकावर काका बसायला लागले. शब्दकोडं त्यांच्याकडे आलं.

*

एकदा रेंजबाहेर कचोरी खाताना मी सहज विचारलं, "काकू, आधी कधी कसला छंद होता का?"

"होता ना. गावागणिक एक." काकू बोटं मोजायला लागल्या. भोपाळला गाण्याच्या तीन परीक्षा झाल्या, चौथीच्या आधी बदली. चेन्नईला शाळेत नोकरी लागली, कायम होण्याच्या आधी बदली. लखनौला जर्मन शिकायला घेतलं, पुस्तकाचा अर्धा भाग झाला आणि बदली. "सात गावं झाली. मला सात गोष्टी अर्ध्या येतात."

काका कचोरीकडे बघत राहिले. त्यांची इथली तीन वर्षं येत्या उन्हाळ्यात भरणार होती, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

"या वेळी एक गोष्ट पुरी करून जाणार," काकू म्हणाल्या. "मार्चमध्ये राज्य स्पर्धेची निवड चाचणी आहे. पात्रतेइतके गुण काढायचे आणि मगच सामान बांधायचं."

मला एकदम भरून आलं. जोगळेकरांनी मात्र लगेच पॉइंट काढला. "वहिनी, ती चाचणी बावीस बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिकची आहे. पाच गोळ्यांचं मॅगझीन, ट्रिगर दाबला की पुढची गोळी आपोआप वर. क्लबचं तसं पिस्तूल एकच आहे आणि माणसं नऊ!"

"म्हणून तर स्वतःचं घ्यायचंय. पहिलंच आहे, बजेटमध्ये बसेल असं."

*

आधी लायसन्स. पोलिसांचा माणूस चौकशीला घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने सगळे प्रश्न काकांना विचारायला सुरुवात केली. काकांनी शांतपणे बोट वळवलं. "मेरा नहीं. इनका."

तो चपापला. शेजारच्या चॅटर्जीबउदींना, म्हणजे चॅटर्जीवहिनींना बोलावून त्याने विचारलं, यांचा स्वभाव कसा आहे? बंगालीत 'भीषण' म्हणजे 'फार'. बउदी म्हणाल्या, "भीषण शांत! दो साल में आवाज़ नहीं सुनी. सिर्फ़ साहब की सुनी है."

त्याने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी काकांना विचारलं, "आपको कोई आपत्ति?"

"थी," काका म्हणाले, "पर अब बोलना ठीक रहेगा क्या?"

लायसन्स झालं!

*

आता पिस्तुलाची निवड. सरकारी बँकेची दोन माणसं जिथे असतील, तिथे साधी बादलीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय घेतली जात नाही. काका आणि जोगळेकरांनी पंधरा दिवस खपून तक्ता तयार केला. तीन पिस्तुलं, अकरा रकाने: वजन, नळीची लांबी, सुटे भाग, वॉरंटी, झालंच तर 'विक्रीपश्चात सेवा'.

एस्प्लनेडजवळ बंदुकांचं एक जुनं दुकान आहे. जोगळेकरांनी तिथे फोन लावला आणि ऑफिसच्या सवयीने म्हणाले, "सर, हमारे यहाँ आकर एक फ्री डेमो दे दीजिए."

 पलीकडून मालक घोषबाबूंचा आवाज आला, "घर में पिस्तौल का डेमो? कौन बोल रहा है आप?"

जोगळेकरांनी घाबरून फोनच ठेवला. प्रत्यक्ष दुकानात गेलो तेव्हा ते सगळ्यांच्या मागे उभे होते आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून खुणांनीच बोलत होते!

*

घोषबाबू ऐंशीच्या घरातले, धोतर, जाड चष्मा. त्यांनी लायसन्स दोनदा वाचलं, तक्ता एकदा बघितला आणि त्यावर चहाचा कुल्हड ठेवला.

"दीदी, पहले हाथ दिखाइए." बांगडीवाल्याने बघावा तसा त्यांनी काकूंचा पंजा बघितला. मग रिकामं पिस्तूल हातात देऊन भिंतीवरचा एक ठिपका दाखवला. "आँख बंद. हाथ उठाइए. अब खोलिए. साइट निशान पर है?"

"नाही, डावीकडे गेलीय."

दुसरं. खाली गेलं. तिसरं, जोगळेकरांचं सगळ्यात आवडतं, इतकं जड की डोळे उघडेपर्यंत हातच उतरला. काकूंचा चेहरा पडला. चाचणीला पाच महिने राहिले होते.

घोषबाबू आत गेले आणि एक जुनी लाकडी पेटी घेऊन आले. एका निवृत्त नेमबाज बाईंनी विकायला ठेवलेलं सेकंडहँड पिस्तूल, सोबत दोन मॅगझीन. रंग उडालेला, लाकडी मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. काकूंनी डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. आणि हसल्या.

"अगदी ठिपक्यावर!"

किंमत तिन्हींपेक्षा कमी. आनंदीआनंद व्हायला हवा होता की नाही? काका आणि जोगळेकर एकमेकांकडे बघायला लागले.

"पण वहिनी," जोगळेकर कळवळून म्हणाले, "याचं कोटेशनच नाहीये!"

*

पहिल्याच शनिवारी पिस्तूल अडकलं. पुंगळी बाहेरच पडेना. दुसऱ्या शनिवारी दोनदा अडकलं. जोगळेकरांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. त्यापेक्षा बोलले असते तर बरं!

काकू घाबरल्या नाहीत. त्यांनी एक लांबडी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, काडतुसांची पेटी कुठली, मॅगझीन पहिलं की दुसरं, कितव्या गोळीला अडकलं, कारण. घरी रोज संध्याकाळी पाण्याने भरलेली बाटली हात ताठ करून धरायच्या, दंड मजबूत व्हायला. आणि शनिवारी वही लिहायच्या.

मध्येच दसरा आला. इथे दुर्गापूजेचे मांडव, ढाक नावाचे मोठे ढोल, माणसांचा पूर. देवस्थळींच्या घरी खंडेनवमी. शस्त्राची पूजा इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या विळीवर भागत होती, या वर्षी खरंखुरं शस्त्र! काकूंनी हळदकुंकू फक्त पेटीला वाहिलं. काकांना राहवलं नाही. नियमाप्रमाणे पिस्तूल रिकामं होतं आणि स्लाइड, म्हणजे वरची सरकती बाजू, उघडी होती. त्यांनी वरून भक्तिभावाने अक्षता टाकल्या.

पुढच्या शनिवारी पहिल्याच गोळीला अडकलं. बिमानदांनी पिस्तूल खोललं आणि चिमट्याने तांदळाचा दाणा काढून उजेडात धरला. "दीदी, इसको भात कौन खिलाया?"

त्या दिवशीची वहीतली नोंद मी स्वतः वाचलीय. 'कारण: अक्षता. जबाबदार: हे.'

*

जानेवारीत वहीने उत्तर दिलं. अक्षतांचा दिवस सोडला, तर पिस्तूल प्रत्येक वेळी दुसऱ्या मॅगझीनलाच अडकत होतं. त्याची वरची कड केसभर वाकली होती. पिस्तूल ठणठणीत! काकूंनी त्या मॅगझीनवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि ते बाजूला ठेवलं. घोषबाबूंनी नवीन मॅगझीन मागवून दिलं.

बिमानदा म्हणाले, "तीस साल से सिखा रहा हूँ. लोग पिस्तौल बदलता है, कोच बदलता है. खाता लिखनेवाला पहली बार देखा."

जोगळेकरांनी वही मागून घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासली, मागे जाऊन दोन तारखा पुन्हा ताडून बघितल्या.  मग त्यांनी खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं, खाली सही ठोकली आणि लिहिलं, 'पाहिले. शेरा नाही.'

त्यांच्या नोकरीत हे दुसऱ्यांदाच घडलं म्हणे!

*

आणि मग मार्च.

चाचणी रविवारी होती. त्याआधीच्या बुधवारी काकांनी मला आणि जोगळेकरांना ऑफिसजवळ चहाला बोलावलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. बदलीची ऑर्डर. रायपूर. सोमवारीच आली होती.

"तिला रविवारपर्यंत कळता कामा नये," काका म्हणाले.  "तिच्या सात गोष्टी माझ्यापायी अर्ध्या राहिल्या. आठवी राहू द्यायची नाहीये मला." त्यांनी कागद परत खिशात ठेवला. चार दिवस आम्ही तिघे काकूंसमोर इतके गोड वागलो, की त्यांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

रविवारी शेजारच्या लेनवर एक विशीतली मुलगी होती, तिच्याकडे चकचकीत नवं परदेशी पिस्तूल. काकूंच्या रंग उडालेल्या पिस्तुलाकडे बघून ती गोड हसली. काकूही तिच्याकडे बघून हसल्या.

पहिले तीस शॉट सावकाश मारायचे होते. काकू बरोबर पात्रतेच्या काठावर राहिल्या. पुढचे तीस झटपट. टार्गेट तीन सेकंद समोर वळतं, तेवढ्यात खाली धरलेला हात उचलायचा, एक गोळी मारायची, हात परत खाली. जोगळेकर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शेवटच्या पाच गोळ्या राहिल्या तेव्हा काका काकूंची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते.

एक. दोन. तीन. चार. पाच. पिस्तूल एकदाही अडकलं नाही.

पात्रतेपेक्षा दोन गुण जास्त!

बिमानदांनी आरोळी ठोकली, ती मफ लावूनही ऐकू आली. जोगळेकर भिंतीकडून वळले तेव्हा चष्मा पुसत होते. ती शेजारची मुलगी येऊन काकूंच्या पाया पडली आणि विचारायला लागली, "काकीमा, ये कौन सा मॉडल है?" मला तर सगळ्या कोलकात्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

गर्दी पांगल्यावर काका पुढे आले. बाटली काकूंच्या हातात दिली. खिशात हात घातला. "मंगल, एक सांगायचं राहिलं होतं..."

"रायपूर ना?" काकू पाणी पिता पिता म्हणाल्या. "सोमवारी शर्ट धुवायला टाकताना वाचलं. घडी होती तशी घालून ठेवली."

काकांचा हात खिशातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत." काकूंनी पिस्तूल पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "मंगळवारीच तिथे फोन झालाय माझा. रेंज आहे, शनिवार-रविवार उघडी असते. तुम्ही पॅकर्सची तीन कोटेशनं मागवा!"