तळहाताचे कान

बायकोला खूश करायचं तर माणूस फुलं आणतो, नाटकाची तिकिटं काढतो, अगदीच काही नाही तर चहा टाकतो. जावईबापूंनी इंजिन धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलाखत होती. पोरगी मोठी होईपर्यंत घरी बसलेली ती कित्येक वर्षांनी पुन्हा कामावर जायला निघाली होती. घाटापलीकडच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जागा होती, आणि तिकडची पहिली बस पोचेपर्यंत मुलाखती आटोपलेल्या असणार होत्या. म्हणजे सगळी भिस्त सासऱ्यांच्या जुन्या गाडीवर. जावईबापू बाजारातून गाडी घेऊन आले, बॉनेट उघडलं, आत धूळ दिसली आणि शेजारी झाडांना पाणी घालायचा पाईप दिसला. तापलेल्या इंजिनाला त्यांनी म्हशीला घालावी तशी मनसोक्त आंघोळ घातली. मग गाडी सुरू केली, तर ती हिवताप भरल्यासारखी कुडकुडायला लागली.

जावईबापू घरजावई. त्यांनी मुकाट्यानं पाईप गुंडाळला, चेहऱ्यावर 'मला काय ठाऊक' असा भाव बसवला आणि सासऱ्यांना बोलवायला गेले.

बोलवायला म्हणजे टेबल वाजवायला. सासऱ्यांची हयात छापखान्यात गेली. यंत्रांनी त्यांना पोटाला दिलं आणि बदल्यात दोन्ही कान ठेवून घेतले. लेकीनं हौसेनं कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यात नुसती भांडी आपटतात म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. तरी त्या घरात कुणाला काही लपवता आलंय असं झालं नाही. टेबलावर कोपर टेकलेलं असलं की दार कुणी वाजवलं ते ओळखायचे. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून लेक रागात चढतेय की खुशीत हे सांगायचे, आणि रागात असेल तर जावयाला आधीच डोळ्यानं खुणवायचे. असा सासरा मिळायला नशीब लागतं.

ते खाली आले. एकही प्रश्न न विचारता धूर सोडणाऱ्या नळीमागे उकिडवे बसले आणि तळहात धरला. धुराचे फुत्कार हातावर आपटत होते, आणि मधला एक दरवेळी चुकत होता.

"चौघांतला एक कामचुकार आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी लेकीचे भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे मागवले. चालू इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगांच्या वायरी उपटताना झटका बसतो म्हणून उजव्या हातात मोजा. डावा तळहात उघडा, गाडीच्या पत्र्यावर टेकलेला. समोरच्या दुकानातून शिंपीकाकांनी मोज्याचा रंग खुलून दिसतो अशी दाद दिली, पण ती अर्थातच वाया गेली. सासरे एकेक वायर काढत, पत्र्यावर अंदाज घेत आणि परत बसवत. हिशेब साधा होता. काम करणाऱ्याची वायर काढली की थरथर वाढते. कामचुकाराची काढली तर गाडीला पत्ताही लागत नाही. काही माणसं रजेवर गेली तरी ऑफिसात कुणाला कळत नाही, तसंच. तिसरी वायर निघाली आणि हाताखाली काहीच बदललं नाही.

गाडी बंद केली. तिसऱ्या प्लगच्या खोबणीत पाण्याचं छोटं डबकं साचलेलं होतं. सायकलच्या पंपानं फुंकून, फडक्यानं टिपून त्यांनी प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेली होती. डब्यातला नवा प्लग बसला, पुन्हा सुरू केल्यावर गाडीची कुडकुड थांबली आणि जावईबापूंचा जीव भांड्यात पडला.

पण सासऱ्यांचा हात पत्र्यावरून निघेना. पाणी कुठून आलं, त्यांनी विचारलं. जावईबापू हवेतल्या दमटपणाबद्दल काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. दमट हवेचं असेल तर बाकीच्या प्लगांना मी हात लावत नाही, आटे जुने आहेत, पिळताना जातील. पण तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं असेल तर एकटा तिसराच तडकला असं होत नाही. दुसरा कुणी घाटात दगा देईल."

जावईबापूंनी वर पाहिलं. गॅलरीत ती उद्याचे कपडे इस्त्री करत होती आणि स्वतःलाच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं देत होती. लिहून सांगावं, तर सासऱ्यांचा चष्मा वर राहिलेला. बहिऱ्या माणसाच्या कानात गुपित सांगायची सोय देवानं ठेवलेली नाही. जावईबापूंनी एक मोठा श्वास घेतला.

"मी धुतलं, बाबा! गरम असताना! पाईपनं!"

शिंपीकाकांचं मशीन थांबलं. वर इस्त्री थांबली. ती कठड्यावरून वाकली, पण नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. वडिलांकडे बघत राहिली. त्यांनी हात वर करून तिला थांबायची खूण केली आणि पाना उचलला.

आटे एकदाही कुरकुरले नाहीत, इतक्या हळुवार हातानं त्यांनी तिन्ही प्लग सोडवले. पहिला चांगला होता. चौथाही चांगला. दुसऱ्यावर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं, ते एका जागी अडकलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. तो बदलला, गाडी सुरू केली आणि लेकीला खाली बोलावून तिचा तळहात पत्र्यावर ठेवला. तिनं डोळे मिटले. थरथर एकसारखी लागली तशी ती हसली. वर जाताना ते गुलाबी हातमोजे तिनं नवऱ्याच्या हातात दिले. भांडी घासायची पडली होती.

सासरे हत्यारं पुसत होते. जावईबापूंनी त्यांच्याजवळ जाऊन, आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, मी बोललोच नसतो तर उद्या काय झालं असतं?"

"ती घाटातून चालत आली असती, जावईबापू, आणि तुम्ही माहेरी गेला असता."