रस्त्याकडेच्या सावलीतली माती

मातीच्या नकाशावर किती भरवसा ठेवावा, हे तपासायला आम्हा दोघांना दुसरबीडच्या पुढच्या एका गावात धाडलं होतं. साहेबांकडे नकाशा, माझ्याकडे गिरमिट, म्हणजे जमिनीत फिरवून खालची माती वर काढायचं लोखंडी हत्यार. वजन म्हणाल तर एका बैलाएवढं. बैल निदान स्वतः चालतो.

नकाशा मात्र देखणा. इतका रंगीत, की गावाने स्वतःला ओळखलं नसतं. आम्ही नऊ ठिकाणी भोकं पाडली, नऊही जुळली. साहेब खूश. जुळणारच की. नकाशावाल्यांनी जिथे जीप थांबवून झाडाखाली खणलं होतं, तिथेच आम्हीही जीप थांबवून झाडाखालीच खणत होतो. माती तपासणाऱ्याला ऊन सोसत नाही, ही आमच्या खात्याची परंपरा.

दहाव्या जागी, रस्त्याकडेच्या बाभळीखाली, शेताची मालकीण म्हातारी वाटच पाहत बसली होती. नकाशाने तिचं अख्खं शेत लाल रंगवलेलं : वीतभर माती, खाली मुरूम. त्यापायी मोसंबीच्या बागेच्या अनुदानाचा तिचा अर्ज दोनदा परत आला होता.

गिरमिट वीतभर गेलं आणि खटकन अडलं.

"बघा आजी, मुरूम," साहेब म्हणाले.

"हाव, मुरूमच हाय. रस्ता केला तवा ठेकेदारानं इथं टाकला. मी मोसंबी रस्त्यावर लावू का? वावरात चाला."

"नकाशावरचा पॉइंट इथेच आहे."

"पॉइंटाले पाय नाहीत. तुमाले हायेत ना?"

वावराच्या मधोमध पोचेपर्यंत साहेब तीनदा पाणी प्याले आणि दोनदा त्यांनी बदलीचा विचार केला. मी गिरमिट फिरवलं. ते थेट मुठीपर्यंत खाली गेलं. आणखी रेटलं असतं तर पाताळातून कोणीतरी "काऊन बे?" म्हणून विचारलं असतं.

साहेबांनी नकाशा पाहिला, माती पाहिली. घसा खाकरून म्हणाले, "माती चुकीच्या जागी आहे."

"नकाशा ठेवा तुमच्यापाशी," म्हातारीने अर्ज पुढे केला. "काय पाह्यलं ते याच्यावर लिवा."

माझ्या पाठीचं टेबल करून साहेबांनी लिहिलं : माती खोल, मुरूम नाही. सही ठोकली. म्हातारीने माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं, मगच आम्हाला वाट दिली.

अहवालात साहेबांनी नकाशाला दहापैकी दहा दिले. बाभळीखाली मुरूम होताच ना. म्हातारीची मोसंबी आता कमरेएवढी झाली आहे. नकाशावर ती अजून मुरमात उभी आहे.